स्ट्राँग हायब्रिड गाडी: रोजची हिंजवडी आणि महिन्यातून एक मुक्काम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. घर सिंहगड रोडला, ऑफिस हिंजवडीत, जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर. महिन्यातून एखाद्या शनिवारी बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन पवना, भंडारदरा किंवा कोकणात मुक्काम. टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड विटारा, त्यातही स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विजेच्या मोटरवरही चालणारी, घ्यायची हे जवळपास ठरलं आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: रात्रभर एसी लावून गाडीत झोपता येईल का, त्यामुळे हायब्रिड बॅटरी लवकर जाईल का, आणि फ्रिज व इंडक्शन शेगडी गाडीवर चालेल का. शेवटी ‘की सरळ डिझेल घेऊ?’ असंही आहे.

या सगळ्या शंकांच्या मुळाशी एक समज आहे: हायब्रिड म्हणजे मोठी बॅटरी असलेली गाडी. प्रत्यक्षात या दोन्ही गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीची एकूण क्षमता ०.७६ किलोवॅट-तास आहे, म्हणजे घरच्या वीजबिलावरच्या भाषेत पाऊण युनिट. तीही पूर्ण वापरायला मिळत नाही. बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून गाडीचा संगणक तिला फार रिकामी होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही, त्यामुळे हाताशी राहते ती साधारण ०.३ युनिट. सोसायटीत गच्चीवर छोटी टाकी असते, पातळी उतरली की खालचा पंप आपोआप सुरू होतो. तसंच हे आहे. खरा साठा ४५ लिटरच्या पेट्रोल टाकीत, आणि पंप म्हणजे इंजिन. मुक्कामाचं सगळं नियोजन ‘हा पंप रात्री कधीही, न विचारता सुरू होणार’ हे धरून करायचं.

बुकिंगच्या आधी एक खात्री करून घ्या. शोरूममध्ये ‘हायब्रिड’ हा शब्द फार सैल वापरला जातो. याच गाड्यांची माइल्ड हायब्रिड आवृत्ती मिळते, ती १.५ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाची. तिच्यात इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, मग फक्त पंख्याची हवा येते. स्ट्राँग हायब्रिडचं इंजिन १.५ लिटर, तीन सिलिंडर आणि कॉम्प्रेसर विजेवर चालणारा. पुढे जे लिहितो आहे ते फक्त स्ट्राँग हायब्रिडला लागू आहे.

आता रात्रीच्या एसीचा हिशेब. गाडी उभी, तापमान २६ वर, पंखा कमी, बाहेर २८-२९ अंश. केबिन एकदा थंड झाल्यावर कॉम्प्रेसर सरासरी ५०० वॅट घेतो असं धरा. गाडीचे संगणक, पंखे आणि १२ व्होल्टची बाजू मिळून आणखी २०० वॅट. एकूण ०.७ किलोवॅट. हाताशी ०.३ युनिट, म्हणजे सुमारे २५ मिनिटांत पातळी खाली येते, इंजिन सुरू होतं, चार-पाच मिनिटं चालून बॅटरी भरतं आणि बंद पडतं. अर्ध्या तासाला एकदा, म्हणजे आठ तासांच्या झोपेत इंजिन १५-१६ वेळा सुरू होईल. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते, पण उभ्या गाडीत इंजिनाकडून चार्ज होताना त्यातली दोनेक युनिटच वीज म्हणून हाती लागते. आठ तासांचे ५.६ युनिट भागिले दोन, म्हणजे अडीच ते साडेतीन लिटर. खर्च तीनशे-साडेतीनशे रुपये. साधी पेट्रोल गाडी एसी लावून उभी ठेवली तर तासाला लिटरच्या आसपास पिते आणि इंजिन अखंड चालू राहतं. बाहेर हवा जास्त गरम किंवा दमट असेल, मुलीने दार चारदा उघडलं, तर हे आकडे वाढतील. पण प्रमाण असंच राहील.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या उत्तर ‘हो, येतं’ असं आहे. तरीही मी तुम्हाला ती सवय लावून घेऊ नका असं सांगेन. कारण कार्बन मोनॉक्साइड.

या वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. चालत्या गाडीत त्याचा धोका फारसा जाणवत नाही, कारण सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला असतो आणि धूर मागे पडत जातो. उभ्या हायब्रिडमध्ये दोन्ही गोष्टी उलट होतात. इंजिन चार मिनिटं चालतं, मग वीस-पंचवीस मिनिटं बंद; तेवढ्यात कन्व्हर्टर थंडावतो आणि पुढच्या प्रत्येक सुरुवातीला पहिला धूर जास्त घाण निघतो. आणि तो तिथेच, गाडीच्या मागे साठतो. मागे बांध असेल, दगडी भिंत असेल, गाडी उंच गवतात किंवा खोलगट जागेत उभी असेल, तर तो धूर बंपरखालून, डिकीच्या रबरातून, उघड्या काचेतून आत येऊ शकतो. सगळ्यात वाईट मांडणी म्हणजे डिकीच्या दाराला जोडलेला तंबू. सायलेन्सरचं तोंड थेट त्या तंबूच्या कडेला असतं. तो तंबू जोडायचा असेल तर गाडी पूर्ण बंद, याला अपवाद नाही. पार्किंगच्या बेसमेंटमध्ये, शेडमध्ये किंवा बंद गॅरेजात तर ‘रेडी’ अवस्थेत, म्हणजे इंजिन गप्प असलं तरी गाडी चालू असताना, तिला तशीच सोडून झोपण्याचा विचारही नको.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच, पण योग्य तो घ्या. घरात हवेची गुणवत्ता दाखवणारी जी छोटी यंत्रं मिळतात ती बहुतेक धूळकण मोजतात, त्यांचा इथे उपयोग नाही. अलार्मवर ईएन ५०२९१-२ हे मानक लिहिलेलं पाहा. ते कॅरॅव्हॅन आणि बोटींसाठीचं आहे. अलार्म झोपलेल्यांच्या डोक्याच्या पातळीवर ठेवायचा, डॅशबोर्डवर किंवा पांघरुणाखाली नको. वाजला, किंवा रात्री डोकं जड वाटलं, मळमळलं, चक्कर आली, तर ‘जेवण जास्त झालं’ म्हणून कूस बदलू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दारं उघडा, गाडी बंद करा, १०८ ला फोन करा. बरं वाटलं म्हणून परत आत झोपायचं नाही.

दुसरा धोका आगीचा. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळून कोरडंठाक होतं. गाडीखालचा कन्व्हर्टर आणि सायलेन्सरची नळी त्या गवताला टेकली तर पेटायला वेळ लागत नाही. गाडी बंद करून तुम्ही चहाला बसलात की मन निश्चिंत असतं. ‘रेडी’ सोडलेली हायब्रिड मात्र कोणी जवळ नसताना स्वतःहून तापायला लागते. म्हणून गाडी कातळावर, मुरमावर किंवा गवत कापलेल्या जागेवरच उभी करा.

इतकं सगळं पाहूनही एखाद्या रात्री एसी लागणारच असेल, समजा कोकणात मे महिन्याच्या उकाड्यात अडकलात, तर असं करा. सपाट मोकळी जागा, गाडीचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे धूर मागे वाहून जाईल. मागे कोणाचा तंबू नाही ना ते पाहा. आपला धूर शेजाऱ्याच्या घरात सोडणं बरं नाही, आणि मध्यरात्री दर अर्ध्या तासाने सुरू होणारं इंजिन त्यांनाही जागं करतं. गिअर ‘पी’ मध्ये, हँडब्रेक लावलेला. ब्रेक दाबून पॉवर बटण दाबा आणि मीटरवर ‘रेडी’ दिसतंय याची खात्री करा. गिअर ‘एन’ मध्ये कधीही सोडू नका. ‘एन’ मध्ये इंजिन चालू असलं तरी हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही. हेडलाइटचं बटण बंद, स्क्रीन बंद, आतले दिवे बंद. एसी २६-२७, बाहेरची हवा घेण्याचा पर्याय चालू, आणि वाऱ्याच्या बाजूची एक काच बोटभर खाली. टाकीत निदान पाव भाग पेट्रोल असू द्या. टाकी संपली तर ही गाडी नुसत्या बॅटरीवर घरी नेता येत नाही, आणि पहाटे भंडारदऱ्याच्या काठावर पंप शोधणं सोपं नाही. ‘ईव्ही’ बटण दाबून इंजिन रात्रभर गप्प राहील असं समजू नका. ते बटण थोडं अंतर विजेवर चालवण्यापुरतं आहे, बॅटरी उतरली की त्याला कोणी विचारत नाही.

माझा सल्ला मात्र यापेक्षा साधा आहे. दुपारी चारनंतर गाडी सावलीत आणा, पुढच्या काचेला चकचकीत पडदा लावा. झोपायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं एसी लावून गाद्या आणि केबिन थंड करा. मग गाडी पूर्ण बंद. समोरासमोरच्या दोन काचा तीन-चार बोटं खाली, त्यावर मच्छरदाणीची जाळी, आणि पाच वॅटचे दोन यूएसबी पंखे: एक हवा आत घेणारा, एक बाहेर फेकणारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घाटमाथ्यावर यापुढे काही लागत नाही. काचा पूर्ण बंद ठेवल्या तर श्वासातल्या वाफेने सकाळी काचा आतून निथळतात आणि अंथरूण ओलसर लागतं. थंडीतही फट ठेवायची ती यासाठी. मार्च ते मे समुद्रकिनारी गाडीत झोपण्याचा हट्ट धरू नका. त्या महिन्यांत वर घाटात जा किंवा सरळ घरगुती निवासात खोली घ्या.

हिवाळ्यात उलटी फसगत होते. एसी विजेवर चालतो म्हणून हीटरही विजेवर चालेल असं वाटतं, पण केबिन गरम करायला गाडी इंजिनाच्या कूलंटची उष्णता वापरते. म्हणजे हीटर लावला की पाणी गरम ठेवण्यासाठी इंजिन चालवावंच लागतं, बॅटरी भरलेली असली तरी. डिसेंबरात भंडारदऱ्याला थंडीपासून बचाव करायचा तर पाच अंशांपर्यंतच्या थंडीला चालेल अशी स्लीपिंग बॅग आणि खाली चांगली जाड मॅट. हीटरला हात लावू नका.

‘बॅटरी लवकर जाईल का’ याचं उत्तर छोटं आहे. महिन्यातून एक रात्र बॅटरी १५ वेळा अर्धवट भरली-उतरली तर तिला काही होत नाही. हिंजवडीच्या एका संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ती याहून जास्त वेळा वर-खाली होते. कंपनीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. बॅटरीचा शत्रू उष्णता. तिला थंड करण्यासाठी केबिनमधली हवा ओढणारी एक जाळी असते. तुमच्या गाडीत ती नेमकी कुठे आहे ते पुस्तिकेत पाहून ठेवा. गादी, उशा, पिशव्या टाकल्या की हीच जाळी झाकली जाते. मग बॅटरी तापते, आत पंख्याचा आवाज वाढतो, आणि पुढे इशाऱ्याचा दिवा लागतो. कुत्रा बरोबर नेत असाल तर केसांनी जाळीमागचा फिल्टर तुंबतो. दर सर्व्हिसला तो काढून साफ करायला सांगा; आपण सांगितल्याशिवाय तो उघडला जातोच असं नाही.

मुक्कामावर खरोखर दगा देते ती मोठी बॅटरी नव्हे, छोटी १२ व्होल्टची. कारण असं: साध्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी कमजोर झाली की चार दिवस आधीपासून स्टार्टर रडत-रडत फिरतो, आपल्याला कळतं. हायब्रिडमध्ये इंजिन फिरवण्याचं काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. छोट्या बॅटरीला फक्त संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचा रिले, म्हणजे विजेचा स्विच, जोडायचा असतो. त्यामुळे ती पूर्वसूचना न देता जाते: रात्री गाणी चालू होती, सकाळी बटण दाबलं तर मीटर लुकलुकतं आणि ‘रेडी’ येत नाही. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, आणि धक्का मारूनही सुरू होत नाही.

हे होतं कसं? ब्रेक न दाबता पॉवर बटण एकदा किंवा दोनदा दाबलं की स्क्रीन, गाणी, सॉकेट चालू होतात, पण गाडी ‘रेडी’ नसते. त्या अवस्थेत सगळा भार छोट्या बॅटरीवर येतो आणि तिला चार्ज करणारं कोणी नसतं. डिकीचं दार तासन्‌तास उघडं ठेवून आतला दिवा जळत राहिला तरी तेच. उपाय स्वस्त आहेत. आतले दिवे मुक्कामावर पोचताच बटणाने बंद करा. सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टमीटर घ्या. गाडी काही वेळ शांत असताना १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली गेली तर लगेच ‘रेडी’ करून अर्धा-पाऊण तास ठेवा. एक छोटा लिथियम जंप स्टार्टर गाडीत असू द्या. या कामाला करंट फार लागत नसल्यामुळे लहानातलाही चालतो. पण तो केबिनच्या कप्प्यात ठेवा, कारण बॅटरी गेली की विजेवर उघडणारी डिकी उघडत नाही. किल्लीच्या आत दडलेली लोखंडी किल्ली कशी काढायची आणि दाराचं कुलूप कुठे आहे हे घरीच करून पाहा. गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास ‘रेडी’. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची बंद पडलेली गाडी जंप देऊन सुरू करायला जाऊ नका. तिथे ओढला जाणारा मोठा करंट आपल्या डीसी कन्व्हर्टरला, म्हणजे मोठ्या बॅटरीवरून छोटीला वीज देणाऱ्या भागाला, परवडणारा नसतो.

आता फ्रिज आणि इंडक्शन. जपानमधले व्हिडिओ पाहून ही कल्पना आली असावी. तिथे अनेक हायब्रिड गाड्यांत १०० व्होल्ट, १५०० वॅटचं सॉकेट मिळतं, त्यावर लोक राइस कुकर लावतात. आपल्याकडच्या या गाड्यांत ते नाही. आहे ते १२ व्होल्टचं, १२० वॅटचं सॉकेट. इंडक्शन शेगडी १२०० ते २००० वॅट घेते, म्हणजे सॉकेटच्या दहा-पंधरा पट. १२ व्होल्टच्या किटल्या बाजारात मिळतात. १२० वॅटमध्ये अर्धा लिटर पाणी उकळायला अर्धा तास घेतात. चहासाठी एवढा संयम कोणाकडे आहे? स्वयंपाक गॅसवरच करा. बुटेनच्या लांबट डब्यावर चालणारी पेटीसारखी शेगडी तुमच्या तिघांच्या रात्रीच्या जेवणाला आणि सकाळच्या पोह्यांना पुरते. शेगडी गाडीबाहेर, वाऱ्याला आडोसा करून. आणि तो डबा उन्हात बंद गाडीत ठेवून कुठे भटकायला जाऊ नका.

बाकी किरकोळ विजेसाठी गाडीपासून वेगळा पॉवर बॉक्स घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा, म्हणजे एलएफपी. हिशेब असा: १० वॅटचा दिवा चार तास, ४० वॅट-तास. दोन पंखे आठ तास, ८०. तीन मोबाइल, ४५. एकूण १६५, यासाठी ३०० वॅट-तासांचा बॉक्स भरपूर झाला. फ्रिज जोडला की गणित बदलतं. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज चालू असताना ४५-६० वॅट घेतो, अधूनमधून बंद पडतो, म्हणून सरासरी २५ धरा. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, ३५० वॅट-तास. आता ६०० चा बॉक्स लागेल. एका रात्रीसाठी मी फ्रिज घेणार नाही. चांगल्या बर्फाच्या पेटीत पाच किलो बर्फ दीड दिवस सहज टिकतो, आणि दूध, पनीर, मुलीचं दही यांना तेवढं पुरतं.

पॉवर बॉक्स जाताना १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावून ठेवा. १०० वॅटने तीन तासांच्या प्रवासात ३०० वॅट-तास भरतात, तेही गाडी ‘रेडी’ असताना, म्हणजे छोट्या बॅटरीवर ताण न येता. बॉक्सच्या सेटिंगमध्ये गाडीकडून घेण्याचा करंट ८ अँपिअरवर ठेवा, नाहीतर सॉकेटचा फ्यूज उडतो. बॉक्स मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत सोडू नका. आणि कोणी ‘बॅटरीवरून थेट वायर टाकून हजार वॅटचा इन्व्हर्टर बसवून देतो’ म्हणाला तर नको म्हणा: १२ व्होल्टवर हजार वॅट म्हणजे ८० अँपिअरहून जास्त, आणि हमीचा प्रश्न वेगळाच. नारिंगी रंगाच्या वायरी दिसतील, त्या सुमारे १७८ व्होल्टच्या हायब्रिड बॅटरीच्या. त्यांच्या जवळपासही कोणाला काम करू देऊ नका.

झोपायच्या जागेबद्दल स्पष्टच सांगतो: तीन माणसं या गाडीत झोपत नाहीत. हायब्रिड बॅटरी डिकीखाली असल्यामुळे ग्रँड विटाराची डिकी माइल्डमधल्या ३७३ लिटरवरून सुमारे २६५ वर येते. मागची सीट ६०:४० दुमडते, पण पूर्ण सपाट होत नाही, आणि दोन चाकांच्या कमानींमध्ये जेमतेम दोघं मावतात. माझ्या मते तीन माणसांचा जमिनीवरचा तंबू घ्या; चार माणसांचा म्हणून विकला जातो तोच खरं तर तिघांचा असतो. गाडी म्हणजे सामानाची खोली, आणि पाऊस-वारा आलाच तर बायको आणि मुलीसाठी आसरा. टपावरच्या तंबूचा मोह होईल. त्याचं वजन ५०-६० किलोच्या आसपास असतं, पुस्तिकेतली टपाची मर्यादा आधी वाचा, आणि तो महिनाभर टपावरच राहिला तर रोजच्या ॲव्हरेजमधून त्याचं भाडं द्यावं लागेल.

म्हणजे आत्तापर्यंतचं सार असं की मुक्कामासाठी या गाडीकडून फार मागू नये. पण गाडी तुम्ही रोज ४५ किलोमीटर चालवणार आहात, आणि तिथे ती वसूल होते. सिंहगड रोड, वारजे, चांदणी चौक, वाकड या रस्त्यावर गाडी जितकी थांबते-निघते तितका हायब्रिडचा फायदा, कारण ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा परत मिळते आणि उभं असताना इंजिन बंद असतं. एक्स्प्रेसवेवर १०० च्या वेगाला हा फायदा बराच आटतो. कागदावरचं लिटरला २७.९७ किलोमीटरचं ॲव्हरेज विसरा. शहरात तब्येतीने चालवली तर २०-२२ धरा. सवय एकच लावायची: ब्रेक लवकर आणि हलका दाबायचा, मीटरचा काटा ‘चार्ज’ च्या पट्ट्यात राहील इतकाच. जोरात दाबला की साधे ब्रेक लागतात आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. घराजवळच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांना मात्र ॲव्हरेज वाईट येईल, कारण सायलेन्सरमधला कन्व्हर्टर तापवायला इंजिन चालतंच. ती गाडीतली बिघाडी नाही.

साधे ब्रेक कमी वापरले जातात याचा एक तोटा आहे. पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना पावसाळ्यात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत जाम होतात. मग एका बाजूचं पॅड आधी झिजतं. दर २० हजारांना पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा.

घाटाबद्दल थोडं सविस्तर, कारण कोकणात जाणारे हायब्रिडवाले इथेच घाबरतात. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना साधारण पाचशे मीटर उंची कमी होते. सामानासकट १७०० किलोची गाडी तेवढी उतरली की सव्वादोन युनिट ऊर्जा मोकळी होते. निम्मी हवेत आणि टायरमध्ये गेली तरी एक युनिट उरतं, आणि आपल्या बॅटरीत जागा आहे पाव-एक युनिटाची. म्हणजे उताराच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शातच बॅटरी भरते. त्यानंतर गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवून वेग रोखते, आणि एक्सलरेटरवर पाय नसताना इंजिनाची घरघर ऐकू येते. घाबरू नका. उतार सुरू होतानाच गिअर ‘बी’ मध्ये, म्हणजे इंजिनाने वेग रोखण्याच्या जागेवर, टाका, ब्रेक तापणार नाहीत. सपाटीला आल्यावर परत ‘डी’. शहरात ‘बी’ लावून फिरण्याने जास्त चार्ज होतं हा गैरसमज आहे.

चढताना उलट. भरलेल्या गाडीत वरंध किंवा ताम्हिणी चढताना बॅटरी अर्ध्या वाटेतच उतरते, मग ९२ पीएसचं इंजिन एकटं ओढतं आणि मोठ्याने ओरडतं. गिअर बदलण्याचा प्रकार नसल्यामुळे आवाज एकाच सुरात राहतो. पाय थोडा ढिला सोडा, ४०-५० च्या वेगाने चढू द्या. चढणीवर ट्रकला ओव्हरटेक करायचं असेल तर बॅटरीच्या किती कांड्या उरल्यात ते आधी पाहा.

रस्त्याबद्दल: स्ट्राँग हायब्रिड फक्त पुढच्या चाकांवर चालते. ऑल-ग्रिप चार चाकांचा पर्याय माइल्डमध्येच आहे. जमिनीपासूनची उंची चांगली आहे, तेव्हा मुरमाचा कच्चा रस्ता चालेल. ओली काळी माती आणि समुद्राची वाळू नाही. पुळणीवर गाडी उतरवू नका. रुतलेली गाडी आणि येणारी भरती यांचं वेळापत्रक जुळत नाही, शिवाय खारं पाणी गाडीखालच्या वायरींना लागणं हायब्रिडला जास्त महाग पडतं.

डिझेलचं उत्तर तुमच्या रस्त्यावर अवलंबून. तुमचं बहुतेक धावणं ट्रॅफिकमधलं आहे, आणि बीएस-६ डिझेलचा काजळी पकडणारा फिल्टर नेमका अशाच रांगत्या वापरात तुंबतो. त्यामुळे तुम्हाला डिझेल सुचवणार नाही. महिन्यातून तीन-चार मुक्काम आणि तेही कच्च्या वाटांनी असते, तर उत्तर वेगळं आलं असतं. हायब्रिड की माइल्ड, याचा हिशेब घरी करा: वर्षाला १२ हजार किलोमीटर, शहरात १३ ऐवजी २१ चं ॲव्हरेज, म्हणजे साडेतीनशे लिटर पेट्रोल वाचतं, १०४ रुपयांनी साधारण ३६ हजार. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक त्याने भागा. उत्तर तुम्ही गाडी ठेवणार त्या वर्षांपेक्षा बरंच कमी आलं पाहिजे. आणि एसी लावून झोपणं ही तुमच्या घरात खरंच पहिल्या क्रमांकाची अट असेल, तर ४० युनिटांची इलेक्ट्रिक गाडी ते काम बॅटरीच्या सातव्या हिश्शात, धुराशिवाय करते. मग प्रश्न उरतो भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या चार्जरचा, आणि तो तुम्ही नेहमी जाता त्या रस्त्यांवर तपासूनच सुटेल.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा तासभर मागून घ्या आणि तिघंही जा. मागची सीट दुमडून, पुढच्या सीट सरकवून प्रत्यक्ष आडवे व्हा, टेपने लांबी मोजा. गाडी उघड्यावर उभी करून ‘रेडी’ मध्ये, एसी २६ वर ठेवून चाळीस मिनिटं बसा आणि इंजिन किती वेळा, किती वेळ चालतं ते मोबाइलवर टिपा. मागे उभं राहून आवाज ऐका. बॅटरी थंड करणाऱ्या जाळीची जागा विक्रेत्याला बोट लावून दाखवायला सांगा. चढावर नेता आली तर विक्रेत्यासह चौघं बसून न्या. पुण्यात त्यासाठी कात्रजचा जुना घाट पुरेसा आहे.